जांभळाचा बर्फ, घरचा बन

अगं, परवा फोनवर तू विचारलंस की सुट्टीत नणंदेची मुलं येणार आहेत, त्यांच्यासाठी काहीतरी गार-गोड करायचंय, पण बाजारचं नको. फोनवर मी अर्धवटच सांगितलं. मापं अशी तोंडी सांगितली की निम्मी विसरतात, म्हणून आता नीट लिहून पाठवते. वाच, आणि फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेव.

तुझ्या मनात आईस्क्रीम आहे, हे मला कळलं. पण भातसानगरच्या त्या क्वार्टरमध्ये, मे महिन्यात, तू आईस्क्रीमच्या नादी लागू नकोस. फळांचा खरवडलेला बर्फ कर आणि सोबत घरी भाजलेले मऊ गोड बन. मी हे का म्हणते ते ऐक. आपल्या शहापूर-मुरबाडकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारी वारा सुटला की लाईट जाते. आईस्क्रीमला हे चालत नाही. त्यात दूध असतं, साय असते. एकदा वितळलं आणि पुन्हा गोठवलं की त्यात बर्फाचे खडे होतात, आणि वितळलेलं दूध उन्हाळ्यात तासभर बाहेर राहिलं तर ते मुलांच्या पोटात जाऊच नये. फळांच्या बर्फाचं तसं नाही. त्यात फळाचा आंबटपणा, साखर आणि पाणी एवढंच. लाईट गेली, थोडं पाघळलं, तर लाईट आल्यावर काट्याने ढवळायचं आणि परत ठेवायचं. चवीत काही बिघडत नाही. आपल्या हवेला आणि आपल्या विजेला साजणारा पदार्थ हाच आहे.

आता फळ. तू डोंबिवलीची सवय घेऊन तिथे गेलीस, म्हणून स्ट्रॉबेरी क्रशची बाटली आणायचं म्हणालीस. ती राहू दे. तुझ्या भोवती केवढं रान आहे, बघ जरा. एप्रिलच्या अखेरीपासून करवंदीच्या जाळ्या काळ्या पडायला लागतात, मेअखेरीला जांभळं येतात, रायवळ आंबा तर दारात पडतो. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी बायका पहाटे रानात जातात, पाटी भरतात, आणि कुणी महामार्गाच्या कडेला बसतात, कुणी खर्डी, आटगाव, आसनगावहून लोकल पकडून कल्याण-ठाण्यापर्यंत जातात. पानाच्या द्रोणातलं ते करवंद मुंबईची माणसं गाडी थांबवून घेतात. तुला तसं थांबावंही लागणार नाही. एखाद्या ओळखीच्या बाईला आदल्या दिवशी सांगून ठेव, की उद्या अख्खी पाटी मला दे. तिचा दिवसभराचा उन्हातला फेरा वाचेल आणि तुला ताजं फळ मिळेल.

आणि एक मनापासून सांगते. तिच्याशी घासाघीस करू नकोस. करवंदीला काटे असतात, ते हातभर ओरखडतात, आणि फळ तोडलं की देठातून पांढरा चीक बोटांवर उतरतो. जांभळाचं झाड तर आणखी दगाबाज, त्याची फांदी ठिसूळ, माणसाच्या वजनाने कडकन मोडते. दरवर्षी कुणी ना कुणी त्यावरून पडतं. ते सगळं त्या द्रोणाच्या किमतीत असतं. पाटी खाली उतरवली की आधी तिला माठातलं पाणी दे. आपल्या भातसा धरणातून मुंबईच्या रोजच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा जातो, आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसावं लागतं. धरणाच्या कॉलनीत राहताना तुझ्या नळाला पाणी येतं, हे विसरू नकोस. फळं धुतलेलं पाणीही मोरीत ओतू नकोस, कढीपत्त्याला घाल.

करवंद धुताना पाणी कोमट घे, चीक लवकर सुटतो. हाताला आधी तेलाचा हात लावून घे, म्हणजे बोटं चिकट होत नाहीत. काळं, मऊ, पूर्ण पिकलेलं करवंदच घे. लालसर असेल तर ते लोणच्याला ठेव, त्याचा बर्फ तुरट होतो. धुतलेली करवंदं थोड्या पाण्यात एकच उकळी येईपर्यंत ठेव आणि गार झाली की पुरणयंत्रातून काढ. बिया आणि सालं वर राहतात, खाली दाट, गर्द तांबडा गर उतरतो. त्या रंगाची सर कुठल्याही बाटलीला नाही.

जांभळाला मात्र आच लावू नकोस. त्याचा वास हलका असतो, उकळला की गेलाच. हातानेच कुस्कर, बिया काढ, आणि गर चाळणीवर चमच्याने दाब. मिक्सरला लावायचं असेल तर बी एकसुद्धा राहता कामा नये, नाहीतर सगळं कडू होतं. जुना गाऊन घाल, कारण डाग जात नाही. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घे, ॲल्युमिनियमचं नको, फळाचा आंबटपणा त्याला खातो. आणि गरात लगेच एका लिंबाचा रस पीळ. जांभळाचा रंग आंबटाने लालसर, चमकदार होतो आणि आंबटपणा कमी पडला की निळसर, मातकट दिसायला लागतो. लिंबू पिळताक्षणी भांड्यातला रंग बदलताना मुलांना दाखव, त्यांना ते फार आवडतं.

पालघरकडचं बहाडोलीचं जांभूळ तू ऐकलं असशील, त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. ते मोठं, गरदार, गोड. आपलं रानटी जांभूळ लहान, बी मोठी, गर कमी, पण चवीला धारदार. बर्फासाठी मला हेच आवडतं. थंड पदार्थात जीभ थोडी बधिर होते, तिथे धार असलेलं फळच टिकतं.

आता माप. एक किलो रानटी जांभळातून साधारण अर्धा किलो गर निघतो. त्याला १५० ग्रॅम साखर आणि ३०० मिली पाणी. करवंदाचा गर तेवढाच असेल तर साखर १८० ग्रॅम कर. रायवळ आंब्याच्या रसाला ८० ग्रॅम पुरते, पण रस गाळून घे, धागे दाताखाली येतात. साखर पाण्यात गरम करून विरघळव, पाक पूर्ण गार होऊ दे, मग गरात मिसळ. चिमूटभर मीठ घाल. चाखून बघशील तेव्हा ते तुला जरा जास्तच गोड लागेल. साखर कमी करायचा मोह होईल, तो आवर. गारठ्यात गोडी दबते. शिवाय ही साखर नुसती गोडीसाठी नाही, ती पाण्याला घट्ट दगड होऊ देत नाही. साखर कमी पडली तर डब्यातल्या बर्फात काटा जाणार नाही. फार झाली तर ते गोठणारच नाही, रात्रभर चिकट सरबतच राहील. वर दिलेलं माप या दोन्हीच्या मधलं आहे.

पसरट स्टीलचा डबा घे, त्यात हे मिश्रण दोन बोटं उंचीचंच ओत. खोल भांड्यात कडा गोठतात आणि मधलं पाणीच राहतं. फ्रीजरमध्ये सगळ्यात खाली, थेट पत्र्यावर ठेव. तासाभराने बघ, कडेने बर्फ धरायला लागलेला असेल. काट्याने तो कडेचा बर्फ मोडून मध्ये आण. मग दर अर्ध्या तासाने तेच. चार-पाच वेळा असं केलंस की ओलसर, दाणेदार, सैल बर्फ तयार होतो. यात घाई करायची नाही आणि विसरायचंही नाही. मुलांना हे काम दे, त्यांची दुपार त्यात जाते. मधल्या वेळात फ्रीजरचं दार मात्र सारखं उघडू देऊ नकोस.

लाईटचा अगदीच भरवसा नसेल तर पॉट काढ. आईकडे माळ्यावर लाकडी पॉट आहे, हँडल फिरवायचं, तिला माग. त्यात बर्फ आणि जाडं मीठ घालायचं, चार भाग बर्फाला एक भाग मीठ. मिठाने बर्फ वितळतो आणि वितळताना आतल्या डब्यातली उष्णता ओढून घेतो, म्हणून आतलं मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं. विजेची गरजच नाही. मुंबईत बर्फाचा कारखाना नव्हता, १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टनहून जहाजाने बर्फ यायचा, तेव्हापासून लोकांनी असंच भागवलं. एक काळजी घे. बाहेरून लादी आणशील तर ती कशासाठीची आहे ते बघ. महाराष्ट्रात २०१८ पासून, खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर रंगाचा असला पाहिजे असा नियम आहे. तो पॉटच्या बाहेरच्या भागात मिठाबरोबर चालेल, कारण डबा बंद असतो. पण सरबतात, पेल्यात तो कधीही घालायचा नाही, आणि पांढरा दिसला म्हणून तो पिण्याच्या पाण्याचाच असेल असंही धरायचं नाही.

आता बन, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण खरी मजा इथेच आहे. बाजारचा बनपाव या बर्फाखाली टिकत नाही. तो हलका, पोकळ असतो, रस लागला की दोन मिनिटांत लगदा. घरच्या बनात दूध, लोणी, अंडं असतं, त्यामुळे तो मऊ असूनही बांधून राहतो, रस हळूहळू पितो आणि गारठ्यात चामट होत नाही.

मैदा ३०० ग्रॅम. त्यात पाव भाग कणीक घातलीस तरी चालेल, चव छान येते, पण अर्धी नको, बन दडदडीत होतो. साखर ५० ग्रॅम, मीठ लहान चमचाभर, इन्स्टंट यीस्ट दीड लहान चमचा, वेलदोड्याची पूड. एक अंडं आणि १४० मिली दूध. अंडं नको असेल तर दूध १८० मिली घे. हे सगळं मळ, आणि पीठ एकजीव झाल्यावर ५० ग्रॅम मऊ लोणी थोडंथोडं करून घाल. आधी घातलंस तर पीठ ताकद धरत नाही. लोणी घातल्यावर ते चिकट होईल, हाताला लागेल, तुला वाटेल बिघडलं. अजून मैदा टाकू नकोस. दहा-बारा मिनिटं नुसतं मळत राहा. पिठाचा छोटा गोळा दोन्ही हातांनी ताणलास आणि तो न फाटता पातळ पडद्यासारखा पसरला की झालं.

पुस्तकात कोमट दूध लिहिलेलं असतं. ते थंड देशांसाठी आहे, किंवा आपल्या पौषासाठी. मे महिन्यात भातसानगरला दूध फ्रिजमधलं गारच घे. यीस्टला तीस अंशांच्या आसपासची ऊब आवडते, आणि तुझ्या स्वयंपाकघरात दुपारी त्याहून जास्तच असते. फार ऊब मिळाली की पीठ भराभर फुगतं आणि आंबूस वास मारतं. भांडं झाकून माठाजवळ सावलीत ठेव, तासाभराच्या आत ते दुप्पट होईल. सगळ्यात उत्तम म्हणजे रात्री मळून झाकून फ्रिजमध्ये ठेवणं. तिथे ते रात्रभर सावकाश फुगतं, चव मुरते, आणि सकाळी वळण्यासारखं घट्ट मिळतं. ज्या उन्हाचा तुला एवढा वैताग येतो, तेच ऊन सकाळी ते पीठ बाहेर काढलंस की अर्ध्या तासात त्याला जागं करतं.

आठ गोळे कर. प्रत्येकातून सुपारीएवढी गोळी वेगळी काढ. मोठा गोळा गोल वळून मधोमध बोटाने खळगा पाड, आणि ती लहान गोळी त्यात बसव. फुगल्यावर ती वर अंबाड्यासारखी दिसते. ही नुसती शोभा नाही. इटलीच्या दक्षिणेला सिसिली बेट आहे, तिथे उन्हाळ्यात लोक सकाळची न्याहारीच अशा बनाबरोबर फळांचा खरवडलेला बर्फ खाऊन करतात. बर्फाला ते ग्रानिता म्हणतात, बनाला ब्रियोश. पूर्वी एटना या ज्वालामुखीच्या डोंगरावरचा हिवाळ्यातला बर्फ खड्ड्यांत दाबून उन्हाळ्यापर्यंत जपायचे, त्यातूनच ही आवड आली. आधी वरचा अंबाडा तोडायचा, तो बर्फात बुडवून खायचा, आणि मग बाकीचा बन. तिथे लिंबाचा, बदामाचा आणि काळ्या तुतीचा बर्फ मिळतो. तुतीच्या जागी आपलं जांभूळ ठेवून बघ, रंग तोच, आणि तुरटपणामुळे आपलं जरा वरचढच. परक्या मुलखातली पद्धत आपल्या रानाला इतकी चपखल बसते, याचं मला फार नवल वाटतं.

बन पुन्हा अर्धा तास फुगू दे. वरून दूध लाव. ओटीजी असेल तर १८० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं. नसेल तर जाड बुडाचं मोठं पातेलं घे, तळाला वाटीभर मीठ पसर, वर स्टँड ठेव, झाकण लावून दहा मिनिटं तापव. मग ताटलीला लोणी लावून बन आत ठेव आणि बारीक आचेवर पंचवीस-तीस मिनिटं भाज. वरून तांबूस रंग येणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, आत ते छान शिजलेले असतात. काढल्याबरोबर लोणी फिरव आणि ओलसर पातळ फडकं टाकून ठेव. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नकोस. आणि उरलेले बन फ्रिजमध्ये अजिबात ठेवायचे नाहीत. फ्रिजच्या गारव्यात पावातला स्टार्च लवकर कडक होतो आणि बन बाहेरच्यापेक्षाही लवकर शिळा लागतो. डब्यात बाहेर ठेव, दुसऱ्या दिवसापर्यंत संपव, किंवा थेट फ्रीजरमध्ये टाक आणि लागेल तेव्हा तव्यावर गरम कर.

तुझे सासरे गोळ्या घेतात, ते आठवलं. जांभूळ मधुमेहाला चांगलं असं सगळे म्हणतात, म्हणून ते कौतुकाने वाटीभर मागतील. त्यांना हा बर्फ देऊ नकोस, यात साखर भरपूर आहे. चार ताजी जांभळं मीठ लावून दे, त्यांना तीही आवडतील.

आता खरी गोष्ट सांगते, जी मापांपेक्षा महत्त्वाची आहे. पुरणपोळी थांबते. श्रीखंड थांबतं. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत आपण वाढत राहतो आणि मग उरलेलं खातो, आईने तेच केलं, मामीने तेच केलं, आणि तूही लग्नानंतर तेच करायला लागली आहेस. मी मागे आले तेव्हा बघितलं. तू उभी राहून, ओट्याशी, गार झालेली पोळी खात होतीस. कुणी तुला सांगितलं नव्हतं, तूच आपणहून तसं करत होतीस. हा बर्फ थांबत नाही. वाटीत घातला की पाच-सात मिनिटांत त्याचं सरबत होतं. म्हणून सगळ्या वाट्या आधी मांड, बन ताटलीत आधी ठेव, सगळ्यांना बसव, आणि शेवटी डबा काढ. पहिली वाटी भर ती तुझी. तू बसलीस की मगच बाकीच्यांच्या वाट्या भर. सासूबाईंना नवल वाटेल, एखादा शब्द बोलतीलही. त्यांनाही शेजारी बसव, त्यांच्या हातात बन दे. त्यांनीही आयुष्यभर ओट्याशीच खाल्लंय, हे तुला दिसलंय का? मला दिसलं.

मुलांपैकी एखाद्याला आंबट नको असेल तर त्याला आंब्याचा दे, आणि वर करवंदाचा एक चमचा टाक. तेवढ्यातच त्याला ती चव ओळखीची होते. पुढच्या वर्षी तोच मागेल.

आणि पावसाच्या आत हात चालव. पहिला जोरदार पाऊस झाला की करवंदं पाणचट होतात, जांभळं खाली पडून फुटतात, किडे पडतात. मृगाच्या आधी एक मोठी पाटी घे, सगळा गर काढ, पाव-पाव किलोच्या पिशव्या करून फ्रीजरमध्ये सपाट ठेव. पिशवीवर नाव आणि तारीख लिही. श्रावणात मी येईन तेव्हा त्यातली एक काढू. बिया फेकू नकोस. जांभळाच्या थोड्या ताज्याच धुऊन क्वार्टरच्या मागे ओल्या मातीत टाक, जांभूळ सहज रुजतं. यीस्टचं पाकीट मी येताना आणते, तिकडे लहान दुकानात मिळालं तरी तारीख उलटलेलं असतं. पाटीवाल्या बाईला मात्र उद्याच सांगून ठेव.